मला भट्टीत घातलं तेव्हा मी थंडच होतो

रविवार, दुपारचे चार वाजून सात मिनिटं. बरोबर त्या वेळी आसुआ गावातली लाइट गेली आणि माझे वाईट दिवस सुरू झाले.

मी ग्राफिक कार्ड बोलतोय. कॉम्प्युटरच्या पेटीत आडवा खोचलेला, दोन पंख्यांचा, वीतभर लांबीचा. गेममध्ये तुम्हाला जे दिसतं ना, रस्ता, झाडं, आभाळ, ते सगळं मी काढतो. एका सेकंदात पन्नास-साठ चित्रं. इतकी भरभर काढली की माणसाच्या डोळ्याला ती सुटी सुटी दिसत नाहीत, गाडी खरीच पळतेय असं वाटतं. सेकंदाला किती चित्रं झाली त्याचा आकडा पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात येतो. माझी सगळी अब्रू त्या आकड्यावर.

माझ्या जन्माचं मला फारसं आठवत नाही. एका कारखान्यात हातमोजे घातलेल्या बाईने मला उजेडासमोर धरून नीट पाहिलं होतं, एवढंच. नंतर मी समुद्र ओलांडून इथल्या राजधानीत, सांतो दोमिंगोला आलो, एका गेमच्या दुकानात. तिथे मला दिवसभर उसंत नसायची. दुकान बंद झालं तेव्हा अरिसमेंदी नावाच्या माणसाने मला घेतलं. टी-शर्टात गुंडाळून, बसमध्ये मांडीवर ठेवून त्याने मला आसुआला आणलं. घरी आल्यावर जुन्या दाढीच्या ब्रशने माझी धूळ काढली आणि बायकोला म्हणाला, "योका, याला जप. मी नसताना हाच उपयोगी पडेल."

बायको, योकाइरी, हसली. तिला वाटलं, थट्टा करतोय.

थट्टा नव्हती ती. त्यांची मुलगी नायेली पाच महिन्यांची होती तेव्हा अरिसमेंदी अमेरिकेत गेला, पेनसिल्व्हेनियात, अळंबीच्या शेडमध्ये कामाला. कागद नाहीत. आला तर परत जाता येणार नाही, म्हणून येत नाही. घरात राहिल्या योकाइरी, तिची सासू दोन्या एनेरिया, लेक आणि मी. दोन्या म्हणजे आमच्याकडे मोठ्या बाईला मानाने म्हणतात ते.

तो फोन करायचा. फोनवर त्याचा चेहरा दिसायचा. पण नायेली त्या चेहऱ्याला घाबरायची. आईच्या मानेत तोंड खुपसायची. तो तिकडून "माझी राणी, माझी चिमणी" करत राहायचा आणि ही मान वर करायची नाही. मग त्यानेच युक्ती काढली. खोलीतल्या सोबत्याचा लॅपटॉप त्याला रविवारी चार ते पाच मिळायचा. त्या तासात दोघं नवरा-बायको एका गेममध्ये लॉरी चालवायचे. तो लाल लॉरी घेऊन पुढे, ही निळी घेऊन मागे. नायेली आईच्या मांडीवर. तो हॉर्न वाजवायचा आणि पोरगी टाळ्या पिटायची. तिच्याशी बोलायचा तर ती बोलायची सुद्धा. चेहऱ्याशी नाही बोलली कधी, लॉरीशी बोलायची. "पप्पा, थांबा. पप्पा, गाय आली."

अडीच वर्षांच्या त्या पोरीला बाप म्हणजे लाल लॉरी. आणि ती लाल लॉरी मी काढायचो. माझ्यावर केवढी जबाबदारी होती ते यावरून समजा.

आता त्या चार वाजून सात मिनिटांकडे येतो.

त्या दिवशी जेवायला कोंपाद्रे चागो होता. नायेलीच्या बाप्तिस्म्यात तिला हातात धरणारा तिचा धर्मपिता, म्हणून घरातले त्याला कोंपाद्रे म्हणत आणि तो योकाइरीला कोमाद्रे. गावातल्या मोटारसायकली, मिक्सर, इन्व्हर्टर, सगळं तोच दुरुस्त करतो. लाइट गेली तसा इन्व्हर्टर टूं टूं करून सुरू झाला. आमच्याकडे लाइट जायला काही कारण लागत नाही. घर बॅटरीवर आलं की आधी इस्त्री बंद, मग टीव्ही, असं सगळ्यांना पाठ असतं.

"ही पेटी माझी सगळी बॅटरी खाते," दोन्या एनेरिया म्हणाली. पेटी म्हणजे आमचा कॉम्प्युटर. "फ्रीजमध्ये माझं केकचं लोणी आहे. वितळलं तर तू देशील का रे, चागो?"

"मी कशाला देऊ? दोन मिनिटं बसू द्या मला, दोन्या."

योकाइरी तेव्हा नायेलीला धुवायला मागच्या अंगणात गेली होती. चागो खुर्चीत बसला, दोन-तीन ठिकाणी काहीतरी दाबलं आणि उठला. "झालं तुमचं काम. आता लोणी वितळलं तर मला शिव्या द्या."

त्याने काय केलं ते मला तेव्हा कळलं नाही. मला एवढंच कळलं की वरून येणारं काम आटलं.

हे जरा समजावून सांगतो. मी एकटा काही करत नाही. माझ्या वर प्रोसेसर बसतो. कुठली गाडी कुठे आहे, कोण वळलं, कोण थांबलं, हा सगळा हिशोब तो करतो आणि मला सांगतो, मग मी चित्र काढतो. घरी विकायला केक करतात तसंच. दोन्या पीठ फेटते, योकाइरी वर साखरेची फुलं काढते. पीठच आलं नाही तर फुलं काढणारी हात चोळत बसणार. मी तसा बसलो. प्रोसेसर हाडाचा कामसू. पण त्या क्षणापासून त्याचे हातपाय कुणी बांधल्यासारखे झाले. त्याचा जीव घुसमटत होता. त्याला ओरडता येत नव्हतं आणि मलाही.

आकडा अठ्ठावन्नवरून सतरावर आला.

लाल लॉरी अडखळायला लागली. इथे दिसायची, मग एकदम तिथे. मधला रस्ता नाहीच. एका वळणावर ती दिसेनाशी झाली आणि नायेलीने भोकाड पसरलं. "पप्पा गेले! पप्पा पळाले!"

"लाइट गेलीय ना, म्हणून असेल," योकाइरी म्हणाली.

सहा वाजता गल्लीत "लाइट आली!" असा ओरडा झाला. आकडा सतराच राहिला. पुढच्या रविवारीही सतरा. त्याच्या पुढच्याही. तिसऱ्या रविवारी तर नायेली मांडीवर बसायलाच तयार होईना. दाराशी उभी राहून लांबून बघत होती, जसं फोनमधल्या चेहऱ्याकडे बघायची.

कानातल्या फोनमधून अरिसमेंदीचा आवाज आला. "योका, ती कुठंय?"

"इथंच आहे. येतेय."

"खोटं बोलू नकोस. रडतेय का?"

"नाही रे."

त्याने लाल लॉरी रस्त्याच्या कडेला घेतली. मग म्हणाला, "मी दर रविवारी तिला रडवायला येतो असं झालंय. पुढच्या रविवारी बघू. तेव्हाही असंच झालं तर राहू दे हे. मोठी झाली की ओळखेल बापाला."

"मोठी झाल्यावर कशी ओळखेल?" योकाइरी म्हणाली.

म्हणजे हातात एकच रविवार होता. योकाइरीने सोमवारीच चागोला बोलावलं.

चागो वाईट माणूस नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो. त्याने मला काढलं, फुंकलं, पुसलं, गरमी ओढून घेणारा नवा लेप लावला आणि परत बसवलं. आकडा सतरा. मग त्याने गेममधलं चित्र अगदी हलकं केलं. सावल्या काढल्या, गवत काढलं, झाडं पुठ्ठ्यासारखी केली. माझ्यावरचं ओझं पावपट राहिलं. आकडा तरीही सतरा.

"बघ कोमाद्रे, बघ!" त्याने मांडीवर थाप मारली. "एवढं हलकं केलं तरी याच्याने होत नाही. मेलंय हे कार्ड."

मला रडावंसं वाटलं. अरे, ओझं कमी करूनही हमालाची चाल वाढत नसेल, तर हमालाचा दोष कसा? त्याला वाट कुणी अडवलीय ते बघ ना! मी एवढा मोकळा होतो की त्या हलक्या चित्रासारखी चार चित्रं काढली असती. सांगणार कोण?

योकाइरीला मात्र काहीतरी खटकलं. नायेलीच्या कपाळाला लावते तसा तिने हात पेटीच्या आत माझ्या पाठीला लावला. गेम चालू होता.

"कोंपाद्रे, हे गरम नाही. आधी खेळताना हात ठेववत नव्हता इथे. पंखेही फिरेनात."

"मेलेलं थंडच असतं, कोमाद्रे."

"पण मग चित्र कसं येतं?"

"तू केकवर फुलं काढ. यंत्राचं मला बघू दे."

ती सातवी शिकलेली बाई, समोर गावभर नावाजलेला कारागीर. त्यातून तिच्या लेकीचा धर्मपिता. तिने हात काढून घेतला. मला तिचा राग नाही. पण तिचा हात खरं सांगत होता आणि तिने चागोच्या तोंडाचं ऐकलं.

चागोने मोबाईलवर एक व्हिडिओ शोधून काढला होता. मेलेलं कार्ड भट्टीत भाजलं की आतलं कथील पुन्हा वितळतं, सुटलेले टाके जोडले जातात आणि कार्ड जिवंत होतं. दोनशे अंश, आठ मिनिटं. घरात भट्टी होतीच. दोन्या एनेरियाची, केकची.

शनिवारी दुपारी तो आला.

"माझ्या भट्टीत?" दोन्या ओरडली. "तुझं डोकं फिरलंय का रे?"

"तुमच्या नातीसाठी, दोन्या."

नातीचं नाव काढल्यावर ती नरमली. तरी तोंड चालूच. "व्हॅनिला घालू का वरून? मनुका? आणि हे बघ, ही भट्टी दोनशे म्हणते आणि जास्त देते. तिचा काटा मला ठाऊक आहे, तुला नाही. मी पाचव्या मिनिटाला काढते."

"व्हिडिओत आठ आहे."

"व्हिडिओतल्या भट्टीजवळ माझ्यासारखी म्हातारी होती का?"

चागो हसला. योकाइरीला हसू आलं नाही. ती नायेलीला कडेवर घेऊन दारात उभी होती.

माझे पंखे काढले, वरचं ॲल्युमिनियमचं कवच काढलं. मी इतका उघडा कारखान्यानंतर कधी झालो नव्हतो. चार कोपऱ्यांखाली कागदाचे गोळे ठेवून मला ताटात आडवं केलं आणि दार लावलं.

काय सांगू? उन्हाची मला सवय आहे, आसुआच्या घरातच वाढलोय. हे ऊन नव्हतं. आधी कडा मऊ झाल्या. मग पोटातले टाके, कारखान्यातल्या त्या बाईने नीट पाहिलेले, एकेक करून ओले झाले. तुटलेले नव्हते हो ते. एकही तुटलेला नव्हता. पाचव्या मिनिटाला दोन्या म्हणाली, "वास येतोय, काढ." चागो म्हणाला, "अजून तीन." सहाव्या मिनिटाला तिने त्याला कोपराने ढकललं आणि दार उघडलं. त्या दोन मिनिटांनी मी वाचलो. पण स्मरणाचा एक तुकडा, जिथे मी चित्र पुरं होईपर्यंत रंग धरून ठेवतो, तो तेवढ्यात भाजला होता.

दोन्याने नंतर लिंबू आणि व्हिनेगरने भट्टी तीनदा घासली आणि गिऱ्हाइकाने उद्याच्या बाप्तिस्म्यासाठी सांगितलेला केक बहिणीच्या घरी जाऊन भाजला.

रविवार उजाडला. चार वाजता चागोने मला बसवलं, बटण दाबलं. पडदा उजळला.

"जिवंत झालं!" त्याने हात वर केले.

गेम सुरू झाला. कोपऱ्यात आकडा आला. सतरा. आणि सगळ्या चित्रभर बारीक हिरवे ठिपके. रस्त्यावर, आभाळावर, निळ्या लॉरीच्या काचेवर.

कानातल्या फोनमध्ये अरिसमेंदी विचारत होता, "झालं का नीट? योका? झालं का?"

तेवढ्यात पुन्हा लाइट गेली. इन्व्हर्टर टूं टूं करून लागला. योकाइरीचे डोळे भरले. तिने टेबलावर कपाळ टेकलं. दोन्याला तिची दया आली असावी. काहीतरी बरं बोलायचं म्हणून ती म्हणाली, "जाऊ दे पोरी. निदान बॅटरी तरी पुरते हल्ली. चागोने या पेटीला कमी खायला लावलंय त्या दिवसापासून माझं लोणी कसं घट्ट राहतं."

योकाइरीने डोकं वर केलं. "कमी खायला? कोण कमी खातंय?"

"ही पेटीच की. विचार याला."

चागो सहज म्हणाला, "अगं ते वीज वाचवायचं. प्रोसेसरला अर्ध्याच्या वर जाऊ द्यायचं नाही. लाइट नसताना बरं पडतं."

"आणि लाइट आल्यावर?"

"आल्यावर..." चागो थांबला.

"ते आपोआप सुटतं का, कोंपाद्रे?"

सुटत नाही. आमच्या कॉम्प्युटरला इन्व्हर्टर दिसत नाही. त्याला भिंतीतून वीज येते एवढंच कळतं, ती तारेतून आली की बॅटरीतून ते नाही. लाइट आली-गेली तरी प्रोसेसर बांधलेलाच राहणार होता. चागोला हे ठाऊक होतं. पण ते त्याने दोन्याचं लोणी वाचवायला केलेलं चांगलं काम होतं, आणि चांगलं केलेलं काम माणूस चुकांमध्ये शोधत नाही. आठवडाभर तो माझ्यात दोष शोधत राहिला.

"कुठे बदललं होतं? दाखवा मला," योकाइरी म्हणाली. तिने खुर्ची सोडली नाही. तो मागून बोटाने दाखवत गेला, दाबलं तिनेच.

प्रोसेसरने श्वास घेतला. मला तो जाणवला. वरून काम असं धो धो आलं की माझे पंखे गरगर फिरायला लागले. एकवीस. छत्तीस. त्रेपन्न. रस्ता सलग झाला. लाल लॉरी पुढे पळायला लागली, मऊ, लोण्यासारखी.

"नायेली, ये. बघ, पप्पा पळून नाही गेले."

पोरगी दारातून एकेक पाऊल टाकत आली. मांडीवर नाही बसली, खुर्चीला धरून उभी राहिली. लाल लॉरी सरळ रस्त्याने चालली होती. तिने बराच वेळ पाहिलं. मग बोट पुढे करून पडद्याला लावलं, लॉरीच्या मागच्या दारावर, जिथे माझे हिरवे ठिपके सगळ्यात दाट पडत होते.

"पप्पांना पुरळ आलंय," ती हळूच म्हणाली. "आई, पप्पा आजारी आहेत."

चागो उठून अंगणात गेला.

"काय म्हणाली ती?" तिकडून अरिसमेंदी. "बोलली ना? मी आवाज ऐकला. काय म्हणाली?"

योकाइरी म्हणाली, "विचारतेय, पप्पा बरे आहेत का."

पुढे लाल लॉरीने दोनदा हॉर्न वाजवला. मग तो म्हणाला, "तिला सांग, बरा आहे. सांग तिला, पुढच्या रविवारी येतो."

एवढ्यात इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या संपल्या आणि सगळं काळं झालं. चार वाजून एकेचाळीस मिनिटं झाली होती. पूर्ण वेगाने चाललेली मशीन बॅटरी खातेच, दोन्या काही खोटं बोलत नव्हती.

त्याला आता चार महिने झाले. रविवारी चार वाजायच्या आत दोन्या फ्रीज बंद करते, लोणी बर्फाच्या डब्यात ठेवते, पंखाही लावत नाही. एवढ्या उकाड्यात घाम पुसत बसते, पण तो तास बॅटरी पेटीला राहते. चागो येतो. आंबे आणतो. माझी धूळ काढतो, पण माझ्याविषयी बोलत नाही. एकदा कोणी नसताना त्याने माझ्या भाजलेल्या कडेवरून अंगठा फिरवला होता.

ठिपके वाढताहेत. आधी फक्त लॉरीवर दाट होते, आता आभाळभर आहेत. आतला टाका केव्हा सुटेल मला माहीत नाही. पुढच्या रविवारी बटण दाबल्यावर मी उजळेन की नाही, हे मला शनिवारी सांगता येत नाही. नायेली दर वेळी आधी विचारते, "पप्पांचं पुरळ गेलं का?" आणि आई म्हणते, "जाईल हं." मी आहे तोवर लाल लॉरी काढत राहीन. पुढचं माझ्या हातात नाही.

तुम्हाला मला एकच सांगायचं आहे. घरातला गेम अडखळायला लागला की चित्र हलकं करून बघा. आकडा हलला तर मी थकलोय, माझ्याकडे बघा. हलला नाही, तर मी रिकामा बसलोय, मला हात लावू नका, वर कोण अडकलंय ते बघा. पाठीवर तळहात ठेवा. आणि अडखळायला लागलं त्या दिवशी घरात कुणी काय बदललं ते आठवा, भल्यासाठी बदललेलंसुद्धा. हात जे सांगतो ते ऐका, मग तो हात सातवी शिकलेला का असेना.

हे तुम्हाला पटलं असेल तर स्वतःपाशी ठेवू नका. शेजारणीला सांगा, भावाला सांगा, दुरुस्ती करणाऱ्याला तर नक्की सांगा. आत्ताही कुठेतरी कुणीतरी एका धडधाकट कार्डासाठी भट्टी तापवत असेल. त्याने दार लावायच्या आत त्याच्यापर्यंत पोचवा.